अक्कांचं पान

माझे सासरे माणसाचं जेवून झालेलं पान बघून त्याची कुंडली सांगायचे. हात बघून सांगणारे गल्लोगल्ली बसलेले असतात. उष्टं पान बघून सांगणारा मी आयुष्यात एकच पाहिला आणि नेमका तोच माझ्या वाट्याला सासरा म्हणून आला.

नावं कुणाचीच सांगणार नाही. गावात ती कुणी वापरतही नव्हतं. सासऱ्यांना अख्खं गाव नाना म्हणायचं, सासूबाईंना अक्का, आणि मला ‘धुळ्याची’. मी मूळची देवपूरची, म्हणजे धुळ्यातच पण पांझरा नदीच्या पलीकडची. ऐंशीचं दशक सरता सरता लग्न होऊन पहूरजवळच्या एका खेड्यात आले. घरची केळी, थोडा कापूस. माझ्या बोलण्यात आजोळच्या अहिराणीतलं ‘शे’, म्हणजे ‘आहे’, अधूनमधून डोकवायचं आणि सासरची मंडळी ते ऐकायला मुद्दाम मला काहीबाही विचारायची. मीही काही कमी नव्हते. पहिल्याच आठवड्यात मी नानांची चालण्याची, खाकरण्याची आणि उपरणं झटकण्याची नक्कल स्वयंपाकघरात करून दाखवली. मागे नाना उभे होते हे मला कुणी सांगितलं नाही. नाना म्हणाले, “खाकरनं जमलं. उपरनं अजून जमलं नही, सूनबाई. मनगटातून झटकाव लागतं.” आणि त्यांनी मला ते शिकवलं. त्या दिवसापासून आमचं गूळपीठ.

तर पान. थंडी पडली की आमच्या मळ्यात भरिताच्या पंगती उठायच्या. भरीत हे तिकडे पुरुषांचं काम. कपाशीच्या वाळल्या काड्या, म्हणजे पऱ्हाट्या, पेटवायच्या, त्यांवर हिरवी लांबट वांगी भाजायची, सोलायची आणि बडगीत घालून लाकडाने ठेचायची. बडगी म्हणजे लाकूड कोरून केलेली लांबट, खोलगट परात. नाना बडगीपुढे बसले की मळ्यात नाटक सुरू व्हायचं. ठेचता ठेचता एकेका वांग्याला नाव द्यायचे. “हा सरपंच, ह्याच्यात बिया लई. हा तलाठी, वरून गुळगुळीत अन् आतून किडका, काढा बाजूले.” हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, वरून तेल. मग नाना बोटभर भरीत काढून आभाळाकडे बघत चाखायचे, डोळे मिटायचे, आणि सगळी पंगत श्वास रोखून बसायची. “मीठ,” ते पुकारायचे, तेव्हाच मीठ पडायचं. नानांच्या हातचं भरीत ज्याने खाल्लं नाही त्याने आमच्या गावात येऊन उगाच बसचं तिकीट काढलं, असं लोक म्हणायचे.

जेवायला घरच्याच केळीची पानं. पंगत उठली की उष्टी पानं गोळा करून गाईपुढे टाकायची. कडबा बैलांचा, पंगतीची पानं गाईची, असा वहिवाटीचा नियम. आणि पानं उचलायची यजमानाने स्वतः. हा नानांच्या वडिलांपासूनचा रिवाज. पाहुण्याने काय टाकलं ते यजमानाच्या डोळ्याला दिसलं पाहिजे, म्हणून. नाना ती पानं छातीशी कवळून गोठ्याकडे निघायचे आणि मी शेपटासारखी त्यांच्या मागे. कारण तिथेच खरा खेळ असायचा.

“हे पाह्य. भाकर खाल्ली, मिरची सारली बाजूले. घरी बायको तिखट असंल.”

“हे पान कोनाचं? चाटून पुसून. ह्यानं तीन दिस घरी भांडन केलेलं दिसतं.”

“अन् ह्यानं भरीत टाकलं.” इथे नाना खरोखर थांबायचे. भरीत टाकलेलं पान म्हणजे त्यांच्या लेखी थोबाडीत होती. “ज्याले माह्यं भरीत जात नही, त्याचं माह्यावर मन नही. लिहून ठेव.”

बायका शेवटी जेवायच्या आणि आपली पानं आपणच टाकायच्या. त्यामुळे अख्ख्या तालुक्याची पानं पारखलेल्या नानांनी आपल्या बायकोचं पान मात्र कधी पाहिलं नव्हतं. तेव्हा हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

ज्या गाईपुढे ही पानं पडायची ती पांढरी होती, म्हणून ढवळी. ती अक्कांची गाय. घरात सगळं नानांचं होतं, ढवळी तेवढी अक्कांची. अक्कांचं लग्न झालं तेव्हा त्यांच्या वडिलांनी आंदण म्हणून गाय दिली. बैलगाडीत नवरी बसलेली आणि गाडीमागे दोरीने बांधलेली गाय चालत येतेय, असं ते वऱ्हाड होतं म्हणे. ढवळी त्या गाईच्या लेकीची लेक. पुढे अक्कांचे आईवडील गेले, भावांनी शेत विकलं आणि सुरतेला जाऊन स्थायिक झाले. घर पडलं. माहेरी जायचं म्हणजे कुठे जायचं? अक्का गोठ्यात जायच्या. सकाळी धार काढून झाली की ढवळीच्या कपाळावर तळहात ठेवून काहीतरी पुटपुटायच्या. मी एकदा आडून ऐकलं. त्या तिला सांगत होत्या की पोरीसाठी स्थळ आलंय, घर चांगलं आहे, पण पोरगा जरा ठेंगणा आहे.

अक्का बोलायच्या कमी. नाना जेवढे नाटकी, तेवढ्या अक्का पडद्यामागच्या. पण पडदा ओढायची दोरी त्यांच्याच हाती असायची. नानांचं भरीत झालं की पहिला घास त्या चाखायच्या, तोंडावर काहीही न दाखवता मान एकदा हलवायच्या, आणि मगच नाना पंगतीला “बसा” म्हणायचे. पंगतीतल्या कुणाला हे दिसायचं नाही. मला दिसायचं.

आता द्रोणांकडे येते, कारण सगळं तिथेच फाटलं.

वरणासाठी द्रोण लागायचे. ते अक्का करायच्या. पळसाची पानं एकावर एक दुमडून ज्वारीच्या धांड्याच्या काडीने टाचायची. देखणे व्हायचे. पण पळसाचं पान ते, कधी चिरायचं. माझ्या नणंदेला पाहायला आलेल्या त्या ठेंगण्या मुलाच्या वडिलांच्या मांडीवर तूप घातलेलं गरम वरण अख्खंच्या अख्खं गळलं. पांढरंशुभ्र धोतर पिवळं. मी हसू दाबायला तोंडात पदर कोंबला आणि थेट विहिरीकडे पळाले. आठ दिवसांनी निरोप आला, योग नाही म्हणून. कारण वरण नव्हतंच, पत्रिका होती. पण नानांना गोष्ट रंगवायची सवय. पारावर बसून ते सांगत सुटले, “आमच्या घरच्या द्रोनानं सोयरीक बुडवली राजेहो!” लोक हसले. ते हसणं अक्कांच्या कानावर आलं.  उरलेले द्रोण त्यांनी चुलीत घातले.

पुढच्या थंडीत दुसरं स्थळ आलं. मंडळी जळगावची, नोकरदार. नाना स्वतः जळगावला गेले आणि विकतच्या द्रोणांचे गठ्ठे एसटीच्या टपावर टाकून घेऊन आले. यंत्रावर दाबलेले, पळसाचेच, पण आतून प्लॅस्टिकचा पातळ कागद बसवलेला. काचेसारखे चमकत होते. ओसरीवर नानांनी त्याचा प्रयोग लावला. एका द्रोणात पाणी भरलं, तळहातावर धरला आणि गोल फिरवत सगळ्यांना दाखवला. “एक थेंब नही! पाह्य, पाह्य! आता घाला म्हना पांढरं धोतर!” मग तो द्रोण अक्कांच्या डोक्यावर धरून म्हणाले, “पडतं का?” अक्का खाली बघत जात्याशी बसलेल्या. म्हणाल्या, “नही पडत.” एवढंच.

पाहुणे आले, जेवले, एकाचीही विजार भिजली नाही. नाना पानं उचलताना मुलाचं पान पाहून माझ्या कानात म्हणाले, “सूनबाई, लगन झालं समज. भरीत पुसून खाल्लं पोरानं.” आणि खरंच ते लग्न जमलं. मग काय, त्या थंडीभर प्रत्येक भरिताला चमकते द्रोण. नानांना ते शुभशकुनच वाटायला लागले.

आणि पंगत उठली की नाना नेहमीसारखी उष्टी पानं कवळायचे, त्यात ते द्रोणही असायचे, वरणाने माखलेले, तुपाच्या वासाचे, आणि सगळं ढवळीपुढे. पानं ती पानंच. प्लॅस्टिक डोळ्यांना दिसत होतं, हाताला माहीत नव्हतं. आजोबांनी तसं टाकलं, बापाने तसं टाकलं, नाना तसं टाकत होते. आम्ही सगळे तिथे उभे असायचो. ढवळी आनंदाने मान हलवत सगळं चघळायची.

थंडी ओसरली तशी ढवळी मंदावली. आधी वैरणीला तोंड लावेना, मग रवंथ बंद झालं. डाव्या कुशीला पोट टणक लागायला लागलं. अक्कांनी ओवा, हिंग, तेल, जे जे ठाऊक होतं ते सगळं केलं. गोठ्यातच बसून राहायच्या. नाना येरझाऱ्या घालायचे. “अपचन झालं असंल. दोन दिसात उठते पाह्य,” म्हणायचे, आणि ढवळीपुढे तिच्या न खाण्याची नक्कल करून अक्कांना हसवायला बघायचे. अक्का हसल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, “ही उठली पाह्यजे. एवढं एक करा माह्यासाठी.”

नानांनी पहूरहून गुरांचे डॉक्टर आणले. ते फटफटीवरून आले, कोपरापर्यंत हात घालून तपासलं, आणि म्हणाले की पोटात काहीतरी घट्ट बसलंय, मोठ्या दवाखान्यात नेऊन पोट उघडावं लागेल, पण ती इतक्या लांब तग धरेल असं वाटत नाही. ट्रॅक्टर सांगायला माझा नवरा गेला. तो यायच्या आत, भर दुपारी, ढवळीने मान टाकली. अक्कांचा तळहात तिच्या कपाळावर होता.

बैलांना काही साथ लागली तर, या भीतीने नानांनीच डॉक्टरांना म्हटलं, बघून घ्या नेमकं काय झालं. मळ्याच्या कडेला नेऊन त्यांनी पोट उघडलं. आत भोपळ्याएवढा गोळा. डॉक्टरांनी तो बादलीत टाकून पाणी ओतलं आणि काडीने सोडवायला लागले. पातळ, पारदर्शक कागद निघायला लागले. एकाला एक चिकटलेले, पुऱ्यांची चवड असावी तसे. सगळे गोल. कडेला यंत्राने दाबलेल्या चुण्या.

नानांनी वाकून त्यातला एक उचलला, धुतला आणि उन्हात धरला. ओसरीवर पाणी भरून फिरवला होता तसाच तळहातावर घेतला. त्याच्यात थोडं पाणी साचलं. एक थेंब गळला नाही.

“हे आपले द्रोन,” ते म्हणाले. कुणाला सांगत होते कोण जाणे.

अक्का निंबाखाली उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. मला वाटलं आता बांध फुटेल, आता त्या नानांना धरून गदागदा हलवतील. खरं सांगते, मला तेच हवं होतं. नानांनाही. ते अक्कांकडे मार खायला उभ्या राहिलेल्या पोरासारखे बघत होते. अक्कांनी पदर खोचला आणि घराकडे चालू लागल्या. संध्याकाळी भाकरी झाल्या, नानांना ताट वाढलं गेलं, ताटात सगळं होतं. त्याबद्दल त्या कधीच एक शब्द बोलल्या नाहीत. ढवळीचा खुंटा त्यांनी उपटू दिला नाही.

उरलेले गठ्ठे नानांनी परत जळगावला नेले. दुकानदार म्हणाला, विकलेला माल परत घेत नाही. नाना म्हणाले, “पैसे नको. फक्त ठेवून घे. माह्या दारात नको.” आणि तिथेच टाकून आले.

मग आमच्या घरात प्लॅस्टिकची बंदी आली, आणि ती आणली आमच्या घरच्या सगळ्यात हौशी, नव्यामागे धावणाऱ्या माणसाने. पहूरच्या बाजाराला नाना जुन्या धोतराच्या शिवलेल्या पिशव्या घेऊन जायला लागले. एकीत मिरच्या, एकीत गूळ, आणि तेलाला किटली. दुकानदाराने सवयीने पिशवीला हात घातला की नाना त्याचा हात वरच्या वर धरायचे. “कागदात बांध.” कागद नसेल तर उपरणं पसरायचे आणि साखर त्यात घ्यायचे. घरी येईपर्यंत उपरण्याला मुंग्या. रस्त्यात वाऱ्याने उडणारी पिशवी दिसली की काठीने टोचून उचलायचे, आणि काठीच्या टोकावर भाल्यासारखी नाचवत यायचे. लोक म्हणायचे, “नाना, लढाई जिंकली का?” नाना म्हणायचे, “हारली राजेहो, कवाच हारली.” लोक हसायचे. नानांची सगळी आयुष्यभराची कमाई ती, लोकांचं हसणं. पण आता ते स्वतः त्यात नसायचे.

वैशाखात नणंदेचं लग्न झालं. द्रोण आम्ही बायकांनी केले, दुहेरी पानांचे. अक्काही आमच्यात येऊन बसल्या आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या बोटांत ज्वारीची काडी दिसली. द्रोण अर्थातच गळले. या वेळी जळगावच्या व्याह्यांच्या विजारीवर. ते दचकून उठले तसे नाना हात जोडून भर पंगतीत म्हणाले, “गळू द्या, व्याहीबुवा! गळतं ते धुऊन निघतं. नही गळत ते पोटात राहतं.” सगळ्यांना वाटलं नेहमीचा विनोद. अक्का वाढत होत्या. त्यांचा हात वरणाच्या पळीवर क्षणभर थांबला आणि पुढच्या द्रोणाकडे गेला.

मग पुढची थंडी आली, आणि पहिलं भरीत. गाय नव्हती, तरी पानं उचलायचीच, बैलांना टाकायची. नाना आता प्रत्येक पान उलटसुलट करून बघायचे, कुठे काही चमकतंय का म्हणून. पुरुषांचीच नाही, बायकांचीही. “कोनी पानं टाकू नका, मी उचलतो,” असा त्यांनी हुकूमच काढला. बायका लाजून बाजूला झाल्या. नाना खाली बसून एकेक पान उचलत होते, मी पुढे हात करून घेत होते.

एका पानापाशी ते थांबले. भाकरी खाल्लेली, वरण खाल्लेलं, मिरचीचं देठ बाजूला नीट ठेवलेलं. आणि पानाच्या मधोमध भरीत, वाढलं होतं तसंच, त्यावर बोटाचाही ठसा नाही.

“सूनबाई, हे पान कोनाचं?”

मला माहीत होतं. मी अक्कांच्या शेजारीच जेवले होते.

“ठाऊक नाही, नाना.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलायला मी त्यांच्याकडेच शिकले होते, त्यांना ते कळणार नाही असं कसं होईल?

“कोनी नवी पाहुनी असंल,” ते म्हणाले. “तिले तिखट सोसलं नसंल.” पान त्यांनी माझ्या हातात दिलं नाही. स्वतः घेऊन गेले.

तेव्हा मला आठवलं की त्या दिवशी अक्कांनी पहिला घास चाखलाच नव्हता. नाना भरीत हातावर घेऊन त्यांच्याकडे बघत राहिले होते, आणि अक्का कांदा चिरत होत्या. शेवटी नानांनी तसंच “बसा” म्हटलं होतं.

त्यानंतर प्रत्येक भरिताला तेच. नाना जास्त जीव ओतून ठेचायचे, वांगी निवडायला पहाटेच मळ्यात जायचे, कुठून कुठून मिरची आणायचे. वांग्यांना नावं ठेवणं मात्र सुटलं. पंगत बोटं चाटायची. आणि शेवटी ते बायकांच्या ओळीकडे यायचे, सगळी पानं सोडून आधी त्या एका पानाकडे बघायचे. मधोमध भरीत. आख्खं.

मी एकदा धीर करून विचारलं. “अक्का, तुम्ही भरीत का खात नाही?”

“वांगं वातूळ. मले सोसत नही आता.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी भरल्या वांग्यांची भाजी केली आणि माझ्यासमोर दोनदा वाढून घेतली.

मग देवपूरला माझ्या धाकट्या भावाचं लग्न निघालं. नाना-अक्का दोघेही आले. मी आधीच भावाला सांगून ठेवलं होतं, पण शहरातलं लग्न, सामान सगळं केटरिंगवाल्याचं. चमकते द्रोण, प्लॅस्टिकचे ग्लास. नाना निमूटपणे जेवले. मग कुठे गेले कळेना. वरमाय, म्हणजे माझी आई, धावत आली. “हाई काय शे वं बाई? तुना सासरा बठ्ठा उष्टास्मा जाई बसना!”

मांडवामागे उष्ट्याचा ढीग होता, आणि गल्लीतल्या दोन गाई आधीच तिथे येऊन उभ्या. नाना फेटा, कोट, उपरणं अशा थाटात त्या ढिगाऱ्यापाशी उकिडवे बसलेले. एकेक द्रोण उचलायचा, कडेला नखाने उचकटायचा, आतला कागद सर्रकन ओढून काढायचा आणि बाजूला टाकायचा. पान गाईपुढे. पुन्हा दुसरा. कोपरापर्यंत वरण. पोरं गोळा झाली होती. केटरिंगचा माणूस म्हणाला, “आजोबा, उठा ना, लोक काय म्हणतील?” माझा एक मामा मोठ्याने म्हणाला, “व्याही जेवले का नाहीत पोटभर? उष्टं कशाला धुंडता?” हशा पिकला. नाना एरवी असल्या वाक्यावर नुसती कडी करून थांबले नसते, सगळा मांडव डोक्यावर घेतला असता. ते फक्त म्हणाले, “जरा थांबा. थोडेच राह्यले.” थोडे नव्हते. शेकड्यांनी होते.

मी शेजारी बसले. भरजरी शालू तसाच. एक द्रोण घेतला, उचकटायला लागले. कागद तुटतो, नख लागत नाही. नाना म्हणाले, “मनगटातून ओढ.” मला उपरण्याची आठवण झाली आणि डोळे भरून आले.

वर पाहिलं तर मांडवाच्या कनातीपाशी अक्का. कधीपासून उभ्या होत्या माहीत नाही. त्यांनी मला खुणेने बोलावलं आणि पाण्याचा तांब्या हातात दिला.

“त्याइले म्हना, हात धुवा. गाडी चुकंल.”

मला वाटलं, विरघळल्या. अमळनेरपर्यंत एसटीत मी त्या दोघांकडे बघत होते. अक्का खिडकीशी, नाना शेजारी, मांडीवर धोतराच्या पिशवीत लग्नातल्या बुंदीच्या लाडवांचा पुडा, अर्थात कागदात बांधलेला. अक्कांनी एक लाडू फोडून अर्धा नानांना दिला. मी मनात पुढच्या भरिताचं पान पुसून लख्ख करून टाकलं. पुढच्या भरिताला भरीत मधोमध होतं. आख्खं. नानांनी पान उचललं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “बरोबर हाये.”

नाना अशाच एका श्रावणात गेले. दुपारी पारावरून आले, पाणी मागितलं, आणि मी पाणी घेऊन येईपर्यंत आटोपलं होतं. अक्का फार रडल्या नाहीत. त्यांनी नानांच्या पिशव्या धुतल्या, घड्या केल्या आणि पेटीत ठेवल्या. मला म्हणाल्या, बाजाराला जाताना त्याच नेत जा.

त्या थंडीत भरीत करायचं का नाही यावर घरात कुणी बोलेना. शेवटी अक्काच म्हणाल्या, “वांगी लागली हायेत झाडाले. सडवता का?” माझ्या नवऱ्याने पहिल्यांदाच बडगी पुढे ओढली. त्याला ना नाटक येत, ना भरीत. वांगी एकीकडे जळाली, एकीकडे कच्ची. ठेचताना अर्धं अंगावर उडालं. मीठ त्याने दोनदा घातलं. चाखून पाहिलं आणि आम्हा सगळ्यांकडे बघून कसनुसा हसला. जेवायला घरचेच होतो. केळीच्या पानावर बसलो. कुणी काही म्हटलं नाही, पाणी मात्र सगळ्यांनी भरपूर प्यायलं.

जेवण झाल्यावर पानं मी उचलली. आता ते माझ्याकडेच आलं होतं. नवऱ्याच्या पानावर भरीत होतं. माझ्या पानावर थोडं, दडपून ठेवलेलं. अक्कांचं पान शेवटी उचललं.

पान धुतल्यासारखं होतं. भरिताचा कण नाही. बोटाने निपटून घेतल्याच्या हिरव्या रेघा तेवढ्या दिसत होत्या.

मी ते पान घेऊन गोठ्यात गेले. ढवळीचा खुंटा होता तिथेच होता. बैलाने मान लांबवली, मी पान त्याच्यापुढे धरलं आणि त्याने ते शेवटपर्यंत खाल्लं. मागे चाहूल लागली. अक्का दारात उभ्या होत्या.

“खाल्लं त्यानं?”

“खाल्लं.” मग राहवेना. “अक्का, वांगं सोसलं का तुम्हाला?”

त्या पुढे आल्या. खुंट्यावर हात ठेवला. 

“मीठ लई झालं व्हतं,” त्या म्हणाल्या. “त्यायच्या हातून असं कधीच झालं नही.”